रद्दीत नसलेला अंक

गेल्या महिन्यात पेणहून एका तरुणाचा फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता.

"काका, आमच्या फुटबॉल क्लबची स्मरणिका निघतेय. पहिल्या पानावर रशियाची गोष्ट घ्यायचीय. ती मूळ तुम्ही वाचून दाखवली होती ना? चार ओळी प्रस्तावना म्हणून लिहून द्या. बाकी गोष्ट आम्हाला पाठच आहे."

कुठली गोष्ट, हे मी विचारलं नाही. तरी त्यानं ती सांगितलीच. मॉस्कोतला लष्कराचा फुटबॉल क्लब सरकारनं एका हुकुमानं बंद केला. पण खेळाडू पांगले नाहीत. दुसऱ्या संघांनी बोलावलं तरी एकही गेला नाही. दोन हिवाळे ते दर रविवारी गावाबाहेरच्या एका शेतात जमत आणि एका जुन्या चेंडूवर आपापसांत खेळत राहिले. शेवटी सरकारला क्लब पुन्हा सुरू करावा लागला.

"भारी आहे ना काका? आमचे गोलकीपर आजोबा नव्या पोरांना पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतात."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

ती गोष्ट खोटी आहे आणि ती मी रचलेली आहे. क्लब खरा, बंद पडला ते खरं, दोन वर्षांनी उभा राहिला तेही खरं. मधलं सगळं माझं. त्या मधल्यावर विश्वास ठेवून माझ्या मित्रानं हाताशी आलेली कायमची नोकरी नाकारली. त्याच कंपनीत नोकरी करून मी रोह्यात घर बांधलं. आता ती गोष्ट त्याच मित्राच्या, म्हणजे फोनवरच्या त्या गोलकीपर आजोबांच्या, नावानं छापली जाणार होती. छापण्याआधी खरं काय ते मला सांगायला हवं होतं, आणि सगळ्यांत आधी त्याला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बी.ए. होऊन पेणला घरी बसलो होतो. बसून काय करायचं म्हणून एका गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागलो. पेणमध्ये ज्याला दुसरं काम नसे तो कारखान्यात जाई, आणि ज्याला चित्रकला येत नसे त्याच्या हातात पॉलिश पेपर देत. मी सकाळपासून मूर्तींचे हातपाय घासत बसे. नाकात शाडूची धूळ जाई आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आई आधी अंगणात उभं करून कपडे झटकायला लावी.

माझा मित्र तिथला आखणीवाला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीची सगळी मूर्ती कुणीही रंगवावी, डोळे मात्र एकाच्या हातचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, शाळा सातवीत सोडलेली, उंच, हात गुडघ्यापर्यंत येतात की काय असे लांब. आमच्या टीमचा गोलकीपर तोच होता.

टीम म्हणजे हवालदाराची टीम. पलटणीतून निवृत्त होऊन आलेला एक हवालदार आमच्या आळीत राही. येताना त्यानं एक ट्रंक, एक घोंगडी आणि एक कातडी फुटबॉल आणला. कबड्डीच्या मुलखात फुटबॉल म्हणजे लोकांना गंमत वाटे. भातकापणी झाली की तो एका ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत मागून घेई, आम्हाला धसकटं उपटायला लावी आणि चार बांबू रोवून दोन गोल उभे करी. आम्ही अनवाणी खेळायचो. चुकलेल्या धसकटानं पाय कापला की हवालदार म्हणे, "रोना नहीं, जवान. जमीन ने सलाम किया है." मी उजव्या बाजूला बॅक खेळे. माझ्या मागे मित्र गोलात, आणि अख्खा वेळ मला शिव्या. "मास्तर, झोपलास काय रे? आत घे, आत घे!" इंग्रजी वाचतो म्हणून मला त्यानं मास्तर हे नाव ठेवलं होतं.

पावसाळ्यात शेतात भात उभा, त्यामुळे खेळ बंद. कारखान्यात मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त घाई. आमच्या शेठना एक सवय होती. दुपारी जेवणानंतर कामगारांना पेंग येते, म्हणून ते कुणाला तरी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला बसवत. वाचणाऱ्याला तेवढा वेळ घासण्यातून सुट्टी. मी आल्यापासून ते काम माझ्याकडे आलं.

मूर्ती ट्रकमध्ये घालताना पेंढा लागतो, आणि मुखावर ओरखडा येऊ नये म्हणून गुळगुळीत कागद. तो कागद रद्दीतून येई. त्या वर्षीच्या रद्दीत कुणाच्या तरी घरातली रशियन मासिकांची चळत आली. इंग्रजीत छापलेली, कागद असा की हात फिरवत राहावासा वाटे. घरोघर मुलांच्या वह्यांना ज्याची कव्हरं घालत, तोच कागद. शेठ म्हणाले, "फाडायच्या आधी बघ रे, काय वाचण्यासारखं हाय का." त्यात त्या लष्करी क्लबचा इतिहास क्रमशः चालू होता. मी तो मराठीत करून वाचू लागलो.

असं वाचन त्या कारखान्यात त्याआधी झालं नव्हतं. हवालदाराला बातमी लागली आणि तोही रोज जेवून येऊन दाराशी घोंगडीवर बसू लागला. त्याला तेव्हा दम लागे. बोलता बोलता थांबे. पण फौजेचा क्लब म्हटल्यावर त्याला तो स्वतःचाच वाटे.

क्लबची सुरुवात पायांना फळ्या बांधून बर्फावर घसरणाऱ्या हौशी मंडळींनी केली, असं मी वाचलं तेव्हा एक म्हातारा कारागीर म्हणाला, "त्या फळ्या हिकडं खाजणात पाठवा म्हणावं. चिखलातून चालताना आमचा तरी पाय वर ऱ्हाईल." पुढे लष्कराच्या जुन्या तबेल्यांच्या जागी क्लबचं मैदान झालं, म्हणून तिथले लोक त्या संघाला घोडे म्हणत. त्या दिवसापासून आमचा कारखाना एकमेकांना घोडा म्हणू लागला. "ए घोड्या, पाणी आण." महायुद्ध संपल्यावरची काही वर्षं तर त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. पोलिसांच्या संघाशी त्यांचं हाडवैर. अशाच एका सामन्यात लष्कराच्या बचावपटूनं चेंडू चुकून स्वतःच्याच जाळ्यात घातला, पण अगदी शेवटी त्यांच्या एका आघाडीवाल्यानं गोल केला आणि विजेतेपद जिंकलं. ते वाचून झालं तेव्हा माझा मित्र ब्रश बाजूला ठेवून म्हणाला, "चूक गोलकीपरची. त्यानं हाक मारायला पायजे व्हती. बॅकला मागचं दिसतंय काय?" मग तासभर त्यावरच वाद. शेठ शेवटी ओरडले, "अरे, गणपती जायचेत मुंबईला! रशियाचा सामना संपला कधीच!"

मग तो दिवस आला. त्या अंकात लिहिलं होतं की ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या देशाचा संघ युगोस्लावियाकडून हरला. प्रशिक्षक लष्करी क्लबचा, खेळाडूही बरेच तिथले, म्हणून राग क्लबवर निघाला आणि क्लबच बंद करण्यात आला. पुढील अंकी चालू. मी पुढचा अंक काढला, तर त्याची सुरुवातच अशी की परत उभ्या राहिलेल्या संघानं पुढच्या वर्षी करंडक जिंकला. मधला एक अंक चळतीत नव्हता. मी सगळी रद्दी उपसली. नव्हताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीसेक माणसं हात थांबवून माझ्याकडे बघत होती. हवालदार दाराशी. आदल्या संध्याकाळी तो आम्हा दोघांना म्हणाला होता, "मैं गया, के तुम लोग तितर-बितर. एक कंपनी में, एक मुंबई में. जानता हूँ मैं." त्यानं ते हसत म्हटलं होतं, पण हसता हसता खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

"आगे?" हवालदार म्हणाला.

कारखान्यात एक नेहमीचं काम असतं. साच्यातून मूर्ती काढली की कुठे एखादं बोट, कुठे कानाची पाळी अर्धवट सुटलेली असते. मग ओली माती घेऊन ती जागा भरायची, पाण्याचा हात फिरवायचा, वाळल्यावर घासायचं. ती भरलेली जागा मूर्तीपेक्षा वेगळी आहे असं कुणाला वाटत नाही. आम्हालाही नाही. ते दिवसाला दहादा करणारा माणूस मी. हातात दुसराच अंक धरून, पानावर नजर ठेवून मी वाचू लागलो. हुकूम आला. जर्सी परत घेतल्या. दुसऱ्या संघांची माणसं दारात आली. एकही खेळाडू गेला नाही. शहराबाहेर एक शेत होतं. रविवार होता.

वाचता वाचता मलाही ते खरं वाटू लागलं. त्या शेतात मी धसकटंसुद्धा घातली. बर्फाच्या देशात भाताची धसकटं कशी, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

संपलं तेव्हा हवालदारानं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि फक्त म्हणाला, "देखा?"

माझ्या मित्रानं त्या दुपारी पुन्हा ब्रश धरला नाही. डोळ्यांची आखणी करायला हात स्थिर लागतो, आज नाय जमायचं, असं त्यानं शेठना सांगितलं.

हवालदार त्या दिवाळीनंतर गेला. तिरडीला आम्ही अकराच्या अकरा होतो.

त्यानंतर महिन्याभरात धाटावच्या एका कंपनीचा माणूस पेणला आला. रोह्याजवळच्या धाटावला तेव्हा नवनवे रासायनिक कारखाने उभे राहत होते. त्या कंपनीच्या साहेबाला फुटबॉलचं वेड होतं आणि त्याला कंपन्यांच्या स्पर्धेसाठी संघ बांधायचा होता. आमचा एक सामना त्यानं रोह्याला पाहिला होता. त्याला दोघं हवे होते, गोलकीपर आणि उजवा बॅक. खेळायचं कंपनीकडून, आणि नोकरी कायमची. मला स्टोअरमध्ये, मित्राला प्लांटवर. दोघांचे फॉर्म त्या माणसानं तिथंच दिले. सोमवारी हजर व्हायचं. अट एकच, दुसऱ्या कुठल्या संघातून खेळायचं नाही.

पेणच्या एस.टी. स्टँडवर आम्ही दोघं उसाचा रस प्यायला उभे होतो. मला त्या उभं राहण्यातलं सगळं आठवतं. गुऱ्हाळाची घुंगरं, त्याच्या नखांत अडकलेला पांढरा रंग.

"मी नाय जाणार," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? कायमची आहे."

"असूंदे. हवालदारला जाऊन महिना नाय झाला. ते रशियातले बर्फात दोन वर्षं थांबले, आन आपण रोह्याला पळायचं? मास्तर, तूच वाचलंस ना ते?"

मी ग्लास धरून उभा राहिलो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते मी रचलेलं होतं, एवढंच. तो चिडला असता, कदाचित कानाखाली वाजवली असती, आणि सोमवारी माझ्याबरोबर गाडीत बसला असता. पण मला जायचं होतं. जाणारा मी. आणि गोष्ट खोटी आहे असं जाता जाता सांगणं म्हणजे माझ्या पळण्याला सोय करून घेतल्यासारखं दिसलं असतं. असं मी स्वतःला तेव्हा समजावलं. आज वाटतं, मला त्याच्या डोळ्यांत मास्तर राहायचं होतं.

"तू जा," तो म्हणाला. "तुझ्या घरचं वेगळं हाय. मी बघतो इकडलं."

सोमवारी मी एकटाच गेलो. कंपनीनं गोलकीपर दुसरीकडून आणला.

त्यानं खरंच इकडलं बघितलं. मला वाटलं होतं वर्षभरात सगळं मोडेल. नाही मोडलं. दर हिवाळ्यात शेत मागून घेणं, बांबू रोवणं, चेंडूला टाके घालणं, सगळं तो करत राहिला. आमच्यातले तीनचार गेले, त्यांच्या जागी त्यानं नवे आणले. पुढे तो पेणजवळच जोह्याला राहायला गेला, तिथल्या कारखान्यात आखणी करू लागला, तर टीमही सोबत नेली. पन्नाशी उलटेपर्यंत गोलात उभा राहिला म्हणतात. म्हणतात असं लिहितो, कारण मी पाहिलं नाही. नागोठण्याला गाडी बदलून दीडदोन तासांत मी पोचलो असतो. साहेबाची बदली झाल्यावर कंपनीचा संघही दोन वर्षांत मोडला, म्हणजे अटही उरली नव्हती. लग्नाकार्यात भेट झाली की तो विचारी, "काय मास्तर, ये की." मी म्हणे, येतो. एकदा त्यानं माझ्यासमोर कुणाला तरी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी हात धुवायच्या निमित्तानं उठून गेलो.

खरं काय घडलं ते मला फार उशिरा कळलं. निवृत्त झाल्यावर मुलीनं मोबाईल दिला आणि त्यात शोधायला शिकवलं. लोक आधी स्वतःच्या गावाचं नाव टाकतात म्हणे. मी तो क्लब टाकला. हुकूम आल्यावर खेळाडू वेगवेगळ्या संघांत गेले. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो खेळला. दोन वर्षांनी, देशाचा सर्वेसर्वा वारल्यानंतर, क्लब पुन्हा सुरू झाला आणि त्यातले काही परत आले. शेत नाही, रविवार नाही. ते माझ्यासारखेच गेले होते. हे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट झालं. तोवर मला एक आशा होती, की कोण जाणे, मी रचलं तसंच घडलंही असेल.

तर फोन आल्यावर तिसऱ्या दिवशी मी जोह्याला गेलो. रोह्याहून पेण, पेणहून जोह्याची गाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडच शेड, पांढऱ्या बिनरंगी मूर्ती उन्हात वाळत घातलेल्या, मागे कापलेली शेतं. मित्राचं घर कारखान्याला लागूनच. तो आत खुर्चीवर बसून आखणी करत होता. जाड चष्मा, केस सगळे गेलेले, हात तेच. मला पाहून त्यानं मूर्तीवरून ब्रश न उचलता डाव्या हातानं बस म्हणून खूण केली. समोर सात मूर्ती रांगेत होत्या. सातही होईपर्यंत तो आखत राहिला, आणि मी जे ठरवून आलो होतो ते विसरत चाललो.

त्याची बायको चहा घेऊन आली. "भावोजी, रस्ता सापडला म्हणायचा! मला वाटलं धाटावच्या पुढं एस.टी. येतच नाय हिकडं."

"आता आलो, वहिनी."

"स्मरणिकेसाठी आलाय," मित्र ब्रश धूत म्हणाला. "पोरांनी सांगितलं मला. चांगलं लिही रे. नुसतं चार ओळी नको."

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. रद्दीत तो अंक नव्हता. ती दोन वर्षं मी मनानं भरली. खेळाडू पांगले होते, ज्याला जिथं मिळालं तिथं गेले. रसाच्या गुऱ्हाळावर मला हे ठाऊक नव्हतं, पण गोष्ट माझी आहे हे ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. एवढं सगळं मी जमिनीकडे बघत सांगितलं. फरशीवर रंगाचे ठिपके होते.

आधी बोलली ती वहिनी.

"म्हंजे? ते पांगले?"

"पांगले, वहिनी."

"ऐकलंत काय? तुमचे घोडे पांगले!" तिनं पदर कमरेला खोचला. "भावोजी, गणपती गेले की चार चार महिने ह्यांच्या हाताला काम नाय. मी म्हणायची, धाटावला कुणाला तरी भेटा, हंगामी तरी घेतील. की झाली ह्यांची गोष्ट सुरू. अगो, ते बर्फात थांबले, आपण उन्हात थांबू. सासू गेली तेव्हा हीच गोष्ट, शेडवर झाड पडलं तेव्हा हीच गोष्ट. त्या रशियावाल्यांच्या बायकांची मला दया यायची हो! मनात म्हणायची, ह्या बायांनी पण दोन हिवाळे काढले. आन त्या बाया तर बसल्या व्हत्या आरामात!"

"गप गो जरा," मित्र म्हणाला.

"का गप? चाळीस वर्षं गपच हाय."

"मी तसाही नसतोच गेलो धाटावला. त्या वासात मला डोळे काढता आले नसते."

"खोटं!" ती त्याच्यावर उलटली. "फॉर्म भरला व्हतात तुम्ही. सही केलेला. लग्न करून आले तेव्हा ट्रंकेत व्हता, मी बघितलाय. हवालदारच्या फोटोखाली."

मला हे माहीत नव्हतं. मित्र चष्मा पुसत राहिला.

"व्हय," तो शेवटी म्हणाला. "भरला व्हता. रस प्यायच्या आदल्या दिवशी."

बाहेर कुणीतरी मूर्तीला पाणी मारत होतं, त्याचा आवाज येत होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यानं मधेच विचारलं, "दोन वर्षांनी परत सुरू झाला, तेव्हा गेलेले परत आले?"

"काही आले. काहींचं वय निघून गेलं होतं."

"आले त्यांना घेतलं?"

"घेतलं."

"कोण काय बोललं त्यांना?"

"बोलले नसणार. सगळ्यांना ठाऊक होतं की..."

"नसणार म्हंजे? लिहिलंय तसं?"

"नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही."

"मग सांगू नकोस." चष्मा डोळ्यांवर चढवून तो माझ्याकडे नीट बघू लागला. "तुझ्या कंपनीला रविवारी सुट्टी असायची ना?"

"असायची."

"सगळे रविवार?"

"स्टोअरला सगळे."

"आठ वर्षं मला उजवा बॅक नव्हता," तो म्हणाला. "एक आणला, तो डावखुरा. एक आणला, तो चेंडू बघून डोळे मिटायचा. तुझी नोकरी झाली म्हणून मला कधी वाईट नाय वाटलं. आईच्यान. पण मला वाटायचं, कंपनीची टीम मोडली, आता हा येईल. दर रविवारी एकदा रस्त्याकडं बघायचो. मग वाटलं, मोठा झाला मास्तर, धसकटात कशाला येईल."

मी इतकी वर्षं नोकरीचं ओझं वाहत होतो. रविवारांचा मी हिशेबच धरला नव्हता. गोष्टीला घाबरून मी तिकडे फिरकलो नाही, आणि त्याला वाटलं मी त्याला कमी समजतो.

"मला तोंड नव्हतं," मी म्हणालो.

"तोंड कुणी मागितलं व्हतं? पाय मागितले व्हते."

वहिनीला हसू आलं, पण ते तिनं लगेच गिळलं. अजून तिचा राग गेला नव्हता, आणि जावा असं मलाही वाटलं नाही.

मग त्यानंच त्या तरुणाला फोन लावला आणि फोन कानापासून लांब धरून ओरडून सांगितलं की पहिलं पान थांबवा, मास्तर बदलून देतायत. तिकडून तो म्हणाला, "आजोबा, पण ती गोष्ट तर आपल्या टीमची..." मित्र म्हणाला, "रशियाची नाय ती. पेणची हाय. तशी छापा. आन रशियाचं काय खरं घडलं तेही त्याच्याखाली छापा. माझं नाव ठेवा, पण मास्तरचं वर घाला. शिव्या त्याला पडूंदे."

मी निघालो तेव्हा मित्र पुढच्या रांगेला लागला होता. वहिनी गाडीच्या थांब्यापर्यंत आली. गाडी लांबून दिसली तेव्हा म्हणाली, "भावोजी, एक इचारू? खरं सांगायचं हां."

"विचारा."

"तिकडं तुम्हाला बरं वाटलं का हो? कंपनीत? इतकी वर्षं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. घरून येताना मी मनात सगळी दुःखं गोळा करून आणली होती. अॅसिडचा वास, रात्रपाळीवाल्यांचे लाल डोळे, साहेबांची बोलणी. ती सांगितली असती तर तिला जरा बरं वाटलं असतं. पण त्या दिवशी आणखी एक जागा भरायची नव्हती.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "बरं वाटलं."

तिनं मान हलवली. "मग ते पण लिवा. नायतर लोकांना वाटंल, तुम्ही पण तिकडं रडतच व्हतात, आन आमचं काय ते देणं फिटलं."

म्हणून तेही लिहितो. सकाळी कंपनीची बस माझ्या नाक्यावर माझ्यासाठी थांबे. कॅन्टीनची उसळ गरम असे. स्टोअरमधला एकेक नट-बोल्ट मला डोळे मिटून सापडे आणि लोक त्याचं कौतुक करत. दुपारी खिडकीतून कुंडलिका नदी दिसे. संध्याकाळी मी हातपाय धुऊन, स्वच्छ कपडे घालून मुलीला घेऊन नदीवर फिरायला जाई. दुसऱ्या दिवशी काम असेल की नाही, असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मला तिथं बरं वाटलं.